झिओलाइटच्या गावात ॲक्वामरीन पारखताना

नाशिकच्या काळ्या कातळात ॲक्वामरीन हा निळा रत्नस्फटिक सापडत नाही. सिन्नरच्या खडी क्रशरवर नाही, पांडवलेण्याच्या डोंगराजवळच्या जुन्या दगडखाणींत नाही, आणि निफाडकडे विहीर खणताना फुटलेल्या एखाद्या पोकळीत तर नाहीच नाही. त्यामुळे 'इथलाच आहे, शेतात निघाला' असं सांगून कुणी निळसर खडा हातात ठेवला, तर तो दुसरं काहीतरी आहे किंवा दुसरीकडून आलाय, एवढं तिथल्या तिथे समजून चालायला हरकत नाही.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण आहे. नाशिककर संग्राहकाची नजर झिओलाइटवर, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या खनिजांवर, आणि त्यांच्या सोबतीच्या खनिजांवर तयार झालेली असते. अपोफिलाइटची चौकोनी टोकं, स्टिल्बाइटच्या पेंढ्या, स्कोलेसाइटच्या सुया, सिन्नरजवळच्या महोदरीचे पिवळे गोलसर फ्लोराइट हे आपण लहानपणापासून पाहत आलेलो असतो. सिन्नरला 'गारगोटी' संग्रहालयात एक चक्कर मारली की आपल्या पायाखाली काय दडलंय हे कळतं. पण हीच तयार नजर ॲक्वामरीनसमोर आली की चुकते, कारण तो वेगळ्याच जमिनीत, वेगळ्याच रीतीने घडलेला स्फटिक आहे. ती रीत एकदा लक्षात आली, की खरा-खोटा, चांगला-साधा, अखंड-चिकटवलेला हे बरंचसं आपलं आपल्यालाच ओळखता येतं.

ॲक्वामरीन म्हणजे बेरिल नावाच्या खनिजाचा निळा प्रकार. पाचूही बेरिलच. बेरिल घडायला चार गोष्टी लागतात: सिलिकॉन, ऑक्सिजन, ॲल्युमिनियम आणि बेरिलियम. पहिल्या तिघांची पृथ्वीवर रेलचेल आहे. अडतं ते बेरिलियमपाशी. भूकवचातल्या एक टन दगडात ते जेमतेम दोन-तीन ग्रॅम असतं. मग शंभर ग्रॅमला पाच ग्रॅम बेरिलियम असलेला स्फटिक तयार व्हायचा, तर एवढं बेरिलियम एका जागी गोळा व्हायला हवं. ते गोळा होतं त्यामागे एक साधं कारण आहे. त्याचा अणू फारच लहान असतो. जमिनीखाली ग्रॅनाइटचा तप्त रस हळूहळू थिजत असताना आधी फेल्डस्पार, अभ्रक, क्वार्ट्झ असे नेहमीचे स्फटिक बनू लागतात आणि त्यांच्या जाळीत बेरिलियमला नीट बसायला जागा नसते. ते मागे राहत जातं. रस जसजसा आटतो, तसतसं उरलेल्या थोड्या रसात बेरिलियम, लिथियम, बोरॉन, फ्लोरिन आणि भरपूर पाणी साठत जातं. शेवटी हा उरलेला पातळ रस आजूबाजूच्या खडकांच्या भेगांमध्ये शिरतो आणि तिथे पेग्मटाइट नावाचा खडक बनतो. पाण्यामुळे अणूंना हालचाल करायला मोकळीक मिळते, नवे स्फटिक कमी सुरू होतात, म्हणून जे असतात ते मोठे होतात. पेग्मटाइटच्या मध्यभागी कुठे कुठे पोकळ्या राहतात. संग्राहक ज्या स्फटिकांसाठी जीव टाकतात ते या पोकळ्यांत वाढतात, कारण तिथे त्यांना सगळ्या बाजू पूर्ण करायला जागा मिळते.

नाशिकच्या जमिनीची गोष्ट याच्या अगदी उलटी. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे बेसाल्टचा लाव्हा थरांवर थर पसरत गेला आणि उघड्यावर, त्या मानाने भराभर थंड झाला. वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, नंतर त्यांतून कोमट-गरम पाणी फिरलं, त्या पाण्याने बेसाल्टमधलंच कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका विरघळवून पोकळ्यांच्या भिंतींवर झिओलाइट मांडले. बेरिलियम मुळात त्या लाव्ह्यातच नगण्य होतं, आणि ते साठायला लागणारी हळुवार थिजण्याची प्रक्रियाही झाली नाही. पोकळी दोन्हीकडे असते, पण तिच्यात शिरलेला रस वेगळा. महाराष्ट्रात जुना ग्रॅनाइट पाहायचा तर नागपूरच्या पूर्वेला भंडारा-गडचिरोलीकडे किंवा खाली तळकोकणात जावं लागतं.

मग ॲक्वामरीन येतो कुठून? भारतात सगळ्यात जुनं नाव तमिळनाडूतल्या कांगेयम परिसराचं. तिथल्या पडियूरची खाण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज अमदानीत चालवली गेली होती. त्याच्याही कितीतरी आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, नोय्यल नदीकाठच्या कोडुमनल गावात बेरिलचे मणी घडवणारे कारागीर होते. तिथल्या उत्खननात मणीही निघाले आणि अर्धवट घडवलेले तुकडेही. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात लिहून गेलाय की बेरिल भारतातून येतं, इतरत्र क्वचितच सापडतं, आणि भारतीयांना लांबट बेरिलचं फार वेड आहे. ओडिशा, राजस्थान, झारखंड इथेही बेरिल मिळतं आणि जम्मू-काश्मीरच्या किश्तवाडमधल्या पाडर भागातूनही ॲक्वामरीन येतो. जगात सगळ्यात नावाजलेली खाणभूमी ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातली. तिच्यानंतर संग्राहकांच्या तोंडी येतात ती पाकव्याप्त गिलगिट-बाल्टिस्तानातली शिगर खोरं आणि नगरकडची उंच डोंगरं, नामिबियातला एरोंगो, अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा माउंट अँटेरो आणि व्हिएतनाम.

या ठिकाणांची नावं पाठ करायची गरज नाही, पण प्रत्येक जागेच्या स्फटिकाची ठेवण वेगळी असते आणि नजर बसली की ती कळू लागते. शिगरचा ॲक्वामरीन बहुतेकदा फिकट निळा, पांढऱ्या पातळ पात्यांच्या अल्बाइटवर (हा फेल्डस्पारचाच एक प्रकार) किंवा चंदेरी अभ्रकावर उभा. एरोंगोचा काळ्याकुट्ट शॉर्ल टुर्मलीनबरोबर. माउंट अँटेरोचा धुरकट क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारच्या सोबतीने. चीनच्या श्वेबाओदिंग डोंगरातलं बेरिल तर उंच खांब न होता चपटी षटकोनी वडी होतं, आणि त्याच्या शेजारी नारिंगी शीलाइट बसलेलं असतं. म्हणूनच स्फटिक ज्या दगडावर उगवला तो दगड, म्हणजे मॅट्रिक्स, शिल्लक असेल तर त्याची किंमत मोठी. तो त्या स्फटिकाचा गावदाखला आहे.

आता स्फटिक हातात घेऊ.

बेरिलच्या आत सहा-सहा सिलिकॉन अणूंची कडी असतात आणि ती एकावर एक अशी रचलेली असतात की बांगड्यांची चवड ठेवावी. चवडीच्या मधोमध लांबच लांब पोकळ नळी राहते. बाहेरून दिसणारा सहा बाजूंचा खांब हा या आतल्या रचनेचाच परिणाम. नळीत पाण्याचे रेणू, थोडं सोडियम, कधी सीझियम अडकून बसलेलं असतं. पाणी पोकळीत धरून ठेवणं झिओलाइटलाही जमतं, पण ते थोडं तापवलं की सुटतं. बेरिलच्या नळीतलं पाणी शेकडो अंश तापवल्याशिवाय हलत नाही.

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या आणि टॉर्च स्फटिकाच्या कडेने तिरका धरा. खांबाच्या बाजूंवर बारीक रेघा दिसतील. ॲक्वामरीनमध्ये त्या खांबाच्या लांबीच्या दिशेने, खालून वर जातात. क्वार्ट्झच्या खांबावरच्या रेघा आडव्या असतात. निळा रंग चढवलेला किंवा धातूचा पातळ मुलामा दिलेला क्वार्ट्झ ॲक्वामरीन म्हणून खपवला जातो, तेव्हा या रेघाच त्याचं बिंग फोडतात, कारण रंग कुणीही चढवेल, रेघांची दिशा कुणाला बदलता येत नाही. टोक पाहा. क्वार्ट्झ वर निमुळता होत टोकदार होतो. बेरिलचं टोक बहुधा सपाट, एखाद्या षटकोनी ओट्यासारखं नीट कापल्यागत, आणि त्या सपाटीच्या कडेला कधी कधी लहान तिरक्या पट्ट्या. टोपाझचा आडवा छेद षटकोनी नसून शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो आणि आपल्या अपोफिलाइटचा चौकोनी. म्हणजे हिरवट-निळं काही समोर आलं तर आधी त्याच्या बाजू मोजाव्यात, रंगाकडे नंतर पाहावं.

सपाट टोकाकडे भिंगातून आणखी थोडा वेळ द्या. पुष्कळ ॲक्वामरीनच्या टोकावर लहान लहान खळगे असतात, तेही षटकोनी, कोरल्यासारख्या कडांचे. स्फटिक वाढून झाल्यावर पोकळीत शेवटी फिरलेल्या फ्लोरिनयुक्त पाण्याने तो थोडा विरघळवला, त्याच्या या खुणा. काही स्फटिक इतके खाल्ले जातात की टोकाचा ओटा जाऊन नुसते सुळके उरतात. पुष्कळ लोक याला खराबी समजून नाक मुरडतात. मला मात्र असे स्फटिक फार मोलाचे वाटतात, कारण वाढणं आणि विरघळणं अशा दोन्ही काळांची नोंद त्यांच्या अंगावर आहे. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही, काचेच्या ओतीव खांबावर असे कोनबद्ध खळगे येत नाहीत. काचेत बुडबुडे आणि वळणदार लाटा दिसतात. बेरिलच्या आत दिसतात त्या लांबीला समांतर, केसासारख्या बारीक पोकळ नळ्या.

रंगाबद्दल बाजारात सगळ्यात जास्त बोललं जातं, म्हणून त्याचं गणित समजून घेऊ. निव्वळ बेरिल रंगहीन असतं. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियम आलं की पाचू, मँगनीज आलं की गुलाबी मॉर्गनाइट, लोह आलं की ॲक्वामरीन किंवा पिवळा हेलिओडोर. लोह एकच, पण त्याच्या दोन अवस्था. एक निळा रंग देते, दुसरी पिवळा. दोन्ही एकत्र असल्या की निळसर हिरवा, समुद्राच्या पाण्याकडे झुकणारा रंग दिसतो. अशा हिरवट खड्याला साधारण ४०० ते ४५० अंश सेल्सिअसला तापवलं की पिवळा भाग निघून जातो आणि स्वच्छ निळा उरतो. दागिन्यांच्या बाजारात हे सर्रास चालतं, ते मान्यही आहे, आणि तो रंग परत जात नाही. सराफ बाजारात अंगठीसाठी घेतलेला खडा तापवलेला असेल तर त्यात फसवणूक काही नाही. संग्राहकाचं तसं नाही. त्याला स्फटिक जमिनीतून निघाला तसाच हवा असतो, म्हणून हिरवट छटा हा त्याच्यासाठी दोष ठरत नाही. उलट तो रंग पाहून मला जास्त विश्वास वाटतो.

गडद, शाईसारख्या निळ्या बेरिलपासून मात्र सावध राहा. १९१७ मध्ये ब्राझीलच्या माशिशे खाणीत असा कमालीचा निळा बेरिल सापडला आणि उजेडात ठेवल्यावर त्याचा रंग उडून गेला. तो रंग लोहाचा नव्हताच, किरणोत्सर्गामुळे आलेला होता. पुढे १९७० च्या दशकात फिकट बेरिलवर मुद्दाम किरणांचा मारा करून तसाच रंग आणलेला माल बाजारात आला. लोहामुळे आलेला ॲक्वामरीनचा निळा रंग खिडकीतल्या उजेडाने उडत नाही.

एक तपासणी घरच्या घरी करता येते. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, उजेड पूर्ण वाढवा आणि स्फटिक पडद्यासमोर आडवा धरून एका डोळ्याने पाहत हळूहळू उभा करा. एलसीडी पडद्याचा प्रकाश एकाच दिशेत कंप पावणारा असतो, आणि ॲक्वामरीन प्रकाशाच्या दिशेप्रमाणे वेगळा रंग दाखवतो. फिरवताना एका स्थितीत तो अधिक निळा दिसतो, तिथून पाव फेरा फिरवला की फिकट, जवळजवळ रंगहीन. काच कशीही फिरवा, रंग तोच. स्फटिक फारच फिकट असेल तर हा फरक डोळ्यांना जाणवणार नाही, पण मध्यम निळ्या स्फटिकात तो इतका स्पष्ट असतो की पहिल्यांदा पाहणारा माणूस पुन्हा पुन्हा फिरवून बघतो. पैलू पाडणारे कारागीरही याच कारणाने खड्याचं तोंड स्फटिकाच्या लांबीला समांतर ठेवतात. टोकाकडून आत पाहिलं तर निळेपणा कमी पडतो.

सुटा स्फटिक असेल तर दुसरी तपासणी घनतेची. दागिने मोजायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आता स्वस्तात मिळतो. आधी स्फटिकाचं वजन करा, समजा ५४ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, स्फटिक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही असा धरा. काटा जो आकडा दाखवेल तो त्याने सारलेल्या पाण्याचा. तो २० आला तर ५४ भागिले २० म्हणजे २.७. बेरिल याच्याच आसपास येतं. टोपाझ ३.५ च्या घरात, अपाटाइट ३.२ च्या. क्वार्ट्झ मात्र २.६५, म्हणजे बेरिलला इतका जवळ की या परीक्षेत दोघांना वेगळं करायला जाऊ नये. तिथे रेघा आणि टोकच कामाचं. खडा ओरबाडून कठीणपणा पाहायची पद्धत तर विसरूनच जा, चांगला स्फटिक त्यात कायमचा खराब होतो.

बनावट मालाची तक्रार आजची नाही. प्लिनीनेच लिहून ठेवलंय की पारदर्शक क्वार्ट्झ रंगवून नकली रत्नं, विशेषतः बेरिल, करण्यात भारतीय लोक हुशार आहेत. पण आजच्या संग्राहकाला पूर्ण नकली स्फटिकापेक्षा जास्त धोका आहे तो खऱ्या स्फटिकांच्या जुळवाजुळवीचा. उंच डोंगरातल्या खाणींत सुरुंग लावून पोकळ्या उघडतात. स्फटिक मोडतात, मॅट्रिक्सवरून निखळतात. मग खरा ॲक्वामरीन, खरा अल्बाइटचा तुकडा, आणि मध्ये गोंद. मॅट्रिक्समध्ये भोक पाडून स्फटिक आत बसवायचा, कडेला अभ्रकाचा चुरा आणि दगडाची पूड गोंदात कालवून लावायची, की तो तिथेच उगवला असं वाटतं.

हे पकडायचं तर स्फटिकाच्या बुडाशी भिंग न्या. एकत्र वाढलेल्या खनिजांची सीमा एकमेकांत गुंतलेली असते. अल्बाइटची पाती स्फटिकाच्या अंगात थोडी घुसलेली, कुठे स्फटिकावर अभ्रकाचा ठसा उमटलेला. चिकटवलेल्या नगात बुडाभोवती एकसारखी, दाणेदार, निस्तेज पूड सगळीकडून भरलेली दिसते. मग अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारा. लोहामुळे ॲक्वामरीन सहसा त्यात चमकत नाही, तो मुका राहतो. गोंद मात्र पुष्कळदा निळसर-पांढरा उजळतो आणि सांध्याची अख्खी रेघ समोर येते. अतिनील उजेडात चमकणारं पॉवेलाइट हे खनिज शोधण्यासाठी नाशिककडे पुष्कळ जणांकडे असा टॉर्च असतोच, तोच इथे वापरायचा.

मोडलेला स्फटिक जोडणं हा गुन्हा मुळीच नाही. मोठमोठ्या संग्रहालयांतही जोडलेले नग आहेत. दोन तुकडे नेमके जुळत असतील आणि विकणारा 'हा रिपेअर आहे' असं स्पष्ट सांगून तशी किंमत लावत असेल, तर तो माल प्रामाणिक आहे. न सांगता विकणं ही फसवणूक.

खराबी आणि नैसर्गिक खूण यांतला फरक इथेच सांगतो. ताजा तुटलेला भाग काचेसारखा चकाकतो आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवरच्यासारख्या वक्र लाटा असतात. स्फटिक वाढताना शेजारच्या खनिजाला टेकला असेल तर ती जागा मंद, खडबडीत, त्या खनिजाचा ठसा घेतलेली असते. तिसरा प्रकार सगळ्यात सुंदर. स्फटिक जमिनीतच लाखो वर्षांपूर्वी मोडला आणि तुटलेल्या जागेवर पुन्हा वाढू लागला. तिथे भिंगातून असंख्य चिमुकली सपाट तोंडं एकाच दिशेला लुकलुकताना दिसतात. विकणाऱ्याला याचं नाव माहीत नसतं, तो 'थोडं तुटलंय' म्हणून किंमत कमी करतो. तो नग सोडू नका.

दुकानात किंवा प्रदर्शनात संकोच बाळगू नये. 'दादा, हा जरा उलटा करून दाखवता का?' एवढं विचारलं की पुष्कळ कळतं. बूड दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. ऑनलाइन घेताना फोटोतल्या रंगावर जाऊ नका. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, हाताच्या बोटांत धरून सगळ्या बाजूंनी फिरवलेला व्हिडिओ मागा. आणि सुरुवात लहान नगाने करा. एक इंच बाजूच्या चौकोनात मावणारे स्फटिक जगभर 'थंबनेल' म्हणून वेगळे जमवले जातात. त्या आकारात निर्दोष टोक, चांगला रंग आणि मॅट्रिक्स हे तिन्ही परवडणाऱ्या दरात मिळू शकतं. तेवढ्याच पैशात मोठा स्फटिक घ्यायला गेलं तर बहुधा टोक नसलेला, धुरकट खांब पदरात पडतो.

अखंड स्फटिकांबद्दल मला पोटतिडकीने वाटतं, कारण त्यांचा मुख्य शत्रू त्यांचं सौंदर्यच आहे. १९१० मध्ये मिनास जेराइसच्या मारांबाइया भागात ११०.५ किलोचा, दोन्ही टोकं पूर्ण असलेला पारदर्शक ॲक्वामरीन निघाला. तो कापून त्याचे दागिन्यांचे खडे केले गेले. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्याच राज्यातल्या पेद्रा अझुलला जवळजवळ मीटरभर लांबीचा स्फटिक निघाला, तो हाताळताना पडून त्याचे तीन तुकडे झाले. त्यातल्या सगळ्यात मोठ्या तुकड्यातून जर्मन कारागीर बेर्न्ड मुन्स्टाइनर यांनी १०,३६३ कॅरटचा, म्हणजे दोन किलोहून थोडा जास्त वजनाचा 'दोम पेद्रो' घडवला. तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि कारागिरी थक्क करणारी आहे. तरी मीटरभराचा तो खांब जसा निघाला तसा पाहायला मिळाला असता तर, हे मनातून जात नाही. संग्राहक चांगल्या स्फटिकाला खड्याच्या बाजारापेक्षा जास्त किंमत देतो, तेव्हाच तो स्फटिक सहाणेवर जायचा वाचतो.

कायद्याचे दोन मुद्दे. पहिला, भारताने २ मे २०२५ ला पाकिस्तानात उगम असलेल्या सर्व मालाच्या आयातीवर बंदी घातली. त्यामुळे शिगरचा नग परदेशी विक्रेत्याकडून मागवणं आता व्यवहार्य नाही, आणि लेबलवर दुसऱ्याच देशाचं नाव घालून तोच माल देऊ करणारा भेटला तर मॅट्रिक्स नीट पाहा. बंदीच्या आधी देशात आलेले जुने नग संग्रहांतून विकले जातात, तेव्हा जुनं बिल आणि जुनं लेबल मागून घ्यावं. दुसरा मुद्दा बेरिल 'अणुखनिज' असल्याच्या भीतीचा. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यात बेरिल खरोखरच अणुखनिजांच्या यादीत होतं. बेरिलियम अणुभट्टीत न्यूट्रॉन परतवायच्या कामी येतं, म्हणून. ते स्वतः किरणोत्सर्गी नाही. २०२३ च्या दुरुस्तीने ते त्या यादीतून काढून महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत घातलं. कपाटातला स्फटिक हाताळायला पूर्ण सुरक्षित आहे.

धोका आहे तो त्याच्या धुळीत. बेरिलियम असलेली बारीक पूड फुप्फुसात गेली तर गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून घरी ग्राइंडर लावून ॲक्वामरीन घासू किंवा कापू नये, मॅट्रिक्सही छिलू नये. काही विक्रेते फेल्डस्पार आणि अभ्रक काढायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. ते त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं, त्याच्या वाटेला घरी जाऊच नये.

बाकी निगा सोपी. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. पाणी उकळतं नको आणि दागिने धुण्याचं कंपनांचं मशीनही नको, कारण आत द्रव अडकलेले बारीक कप्पे असतात आणि उष्णतेच्या धक्क्याने स्फटिक तडकू शकतो. मॅट्रिक्सवरचं अभ्रक नखानेही सुटतं, तिकडे ब्रश फिरवू नका. आणि कपाटात ॲक्वामरीन तुमच्या अपोफिलाइट-स्टिल्बाइटच्या खोक्यात टाकू नका. त्याचा कठीणपणा साडेसात ते आठ, अपोफिलाइटचा साडेचार ते पाच, स्टिल्बाइटचा त्याहून कमी. एकदा खोकं हललं की ओरखडे आपल्या नाशिकच्या मालावर पडतील.

नग घरी आला की त्याच दिवशी नाव, खाण किंवा गाव, जिल्हा, देश, सोबतची खनिजं, कुणाकडून कधी घेतला आणि कुठे काही जोडकाम असेल तर तेही, चिठ्ठीवर लिहा. झिओलाइटच्या लेबलवर नुसतं 'महाराष्ट्र' दिसलं की आपल्याला खटकतं, गाव कुठलं असं आपण लगेच विचारतो. ॲक्वामरीनच्या लेबलवर नुसतं 'ब्राझील' दिसलं तरी तसंच विचारा. मिळालेलं जुनं लेबल मळकं, फाटकं असलं तरी फेकू नका, नव्याच्या मागे ठेवून द्या.